मालकाकडून परस्पर घर घेताना



ऊसबिले जमा होऊ लागली की आपल्या गावोगावी घरांच्या चौकशा सुरू होतात. कोणाला मुलांच्या शाळा-कॉलेजासाठी तालुक्याच्या गावी दोन-तीन खोल्या हव्या असतात, कोणाला वाटणीनंतर गावठाणातच वेगळी चूल मांडायची असते. मोठ्या शहरात अशा कामाला एजंट लागतो. आपल्याकडे तो बहुधा नसतो. अमक्याचे घर निघाले आहे एवढे कानावर आले की आपण थेट मालकाच्या दारात जातो, चहा होतो, किंमत ठरते, आणि पुष्कळदा उठण्यापूर्वी इसाराची रक्कमही हातावर ठेवली जाते. या शेवटच्या गोष्टीबद्दलच आम्हांस आज लिहावयाचे आहे.

दलाली वाचते हे खरे. शेकडा दोन धरले तर ४० लाखांच्या घराला ८० हजार होतात, आणि ८० हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. पण दलाल मधून गेला म्हणून त्याचे काम नाहीसे होत नाही, ते आपल्या अंगावर येते. आजूबाजूचा भाव काढणे, कागद मागवणे, विकणाऱ्याच्या घरात कोणाचा विरोध आहे याचा सुगावा लावणे, कचेरीत सर्वांना एका दिवशी आणून उभे करणे हे सारे आता आपण करावयाचे. तेव्हा वाचलेल्या रकमेतला काही भाग वकिलाच्या शोध अहवालासाठी आणि मोजणीसाठी बाजूला काढावा, आणि कागद पाहिल्यावाचून पैसा पुढे जाऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

यात कायद्यापेक्षाही मोठी अडचण भिडेची आहे. मालक ओळखीचा, पाहुण्यांतला, कधी आपल्याच गटातला सभासद. त्याच्याकडे कागद मागायचे म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. "आमच्यावर भरवसा नाही होय?" असे त्याने विचारले की आपण गप्प. दलाल असता तर त्याने "पार्टीला कागद बघायचेत" असे बेधडक सांगितले असते. यावर साधा उपाय आहे. भीड वकिलावर किंवा बँकेवर ढकलावी. "वकिलानं यादी दिलीय, माझा काय इलाज?" एवढे म्हटले की काम होते आणि संबंधही राहतात. खरे म्हणजे ज्याचे कागद सरळ आहेत तो मालक या मागणीने रागावत नाही, असाच अनुभव येतो.

घर नक्की कोणाचे?

गावातले बरेच लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून "हे बघा, घर माझ्या नावावर" असे सांगतात. हा उतारा कर आकारणीचा आहे. घरपट्टी कोण भरतो ते त्यावरून कळते, मालकी शाबीत होत नाही. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावतीचेही तेच. सातबारा आणि फेरफार यांचे वजन जास्त, तरी तेही महसुली कागद आहेत. निव्वळ फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. मालकी शोधायची ती पूर्वीच्या नोंदलेल्या खतांत, म्हणजे हे घर मालकाकडे खरेदीने आले, बक्षीसपत्राने आले, वाटपाने आले की वारसाने, या साखळीत.

ज्या गावठाणांचे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका, म्हणजे आपण म्हणतो ते प्रॉपर्टी कार्ड, मिळते. पूर्वी लहान गावांत ही सोय नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली, आणि पुष्कळ गावांत आता अशा पत्रिका तयार आहेत. नवी पत्रिका नीट वाचावी. तीत मोजणीच्या वेळी जो धारक आढळला त्याचे नाव असते, आणि घरातल्या ज्यांचा हिस्सा आहे त्या सर्वांची नावे त्यात आलीच असतील असे धरून चालू नये.

तपासासाठी निदान ३० वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर साधारण २००२ सालापासूनची सूची क्रमांक दोन पाहता येते. त्यामागच्या नोंदींसाठी वकिलाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली जुनी बाडे पाहावी लागतात. मालकाकडे मूळ खरेदीखत मागावे, झेरॉक्सवर भागवू नये. "मूळ खत कुठंतरी हरवलं" असे उत्तर आले तर कान टवकारावेत. मूळ खत ठेव म्हणून देऊन कर्ज काढता येते, आणि तेही गहाणच असते. बँकेच्या अशा गहाणाची नोटीस २०१३ पासून आपल्या राज्यात दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. पण खासगीतला व्यवहार किंवा त्याआधीचा जुना व्यवहार शोधात दिसेलच असे नाही. म्हणून वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन १५ दिवस हरकतींची वाट पाहिली तर बरे. गावात चर्चा होईल म्हणून काहीजण नोटीस टाळतात. आमच्या मते गावात चर्चा व्हावी यासाठीच ती द्यायची असते!

मळ्यातल्या वस्तीवरचे घर जमिनीसह घेत असाल तर सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना आधी पाहावा. 'इकरार' हा शब्द आपल्यापैकी कोणाला नवा नाही. विकास सोसायटीकडून कर्ज उचलताना सभासद जो इकरार करून देतो, त्याने महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे त्या जमिनीवर सोसायटीचा बोजा बसतो, आणि कर्ज फिटण्यापूर्वी त्या कलमाविरुद्ध केलेली विक्री निरर्थक ठरते. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, १९४७ चा तुकडेबंदी कायदा, गावाबाहेरच्या गुंठेवारीतले प्लॉट, ही प्रकरणे स्वतंत्र लेखाची आहेत. येथे एवढेच सांगतो की "सगळेच घेतात, काही होत नाही" हे त्यावरचे उत्तर नव्हे.

बहिणींच्या सह्या

सर्वांत जास्त व्यवहार कोठे अडकतात म्हणाल तर येथे. घर वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि विकायला थोरला मुलगा उभा. कागदावर त्याच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असे लिहिलेले, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरे पाहिली की समजावे, घर याच्या एकट्याचे नाही. कर्त्याने कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी केलेली विक्री कोर्टात टिकू शकते; पण तशी गरज होती, निदान आपण तशी चौकशी केली होती, हे शाबीत करण्याचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर येते.

हिशेब मांडून पाहू. समजा, घर वडिलांनी स्वतः कमावलेले होते, मृत्युपत्र नाही, आणि मागे आई, दोन मुलगे व दोन मुली आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाचही जणांचा सारखा, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा. थोरल्याने एकट्याने सही केली तर तो आपला पंचमांशच देऊ शकतो. आपण ४० लाख मोजले आणि पदरात आठ लाखांचा हिस्सा पडला. बरे, त्या हिश्शावर तरी राहायला जावे, तर तेही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात घरचे लोक रास्त किंमत भरून आपला हिस्सा परत विकत मागू शकतात.

घर वडिलार्जित असेल तर मुलींचे काय, यावर पूर्वी बराच घोळ होता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद केले ते त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरते. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. तरीही "वडील त्याआधीच वारले, मग बहिणीला कसला हक्क?" असा वाद चालूच होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तो मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली विक्री किंवा वाटप या दुरुस्तीने मोडत नाही.

विकणारा सांगतो, "बहिणींनी सोडलंय, लग्नातच सगळं दिलं, त्यांचं काही म्हणणं नाही." म्हणणे नसेलही. पण तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदलेले लागते. त्याहून सरळ मार्ग म्हणजे आई, भाऊ, बहिणी, आणि वारलेल्या भावाची बायको-मुले या सर्वांनी खरेदीखतावरच 'लिहून देणार' म्हणून सह्या कराव्यात. बहीण मुंबईला असो की बेळगावला, गाडीभाडे आपण द्यावे, पण तिला कचेरीत आणावे. तिच्या हिश्शाचा पैसा तिच्याच खात्यात जावा. भावांमध्ये पैसे वाटून झाले आणि बहिणीच्या हाती साडी-चोळी पडली, की पुढे वर्ष-दोन वर्षांनी जी नोटीस येते ती आपल्या नावावर येते, भावाच्या नाही. अज्ञान मुलाचा हिस्सा असेल तर कोर्टाची परवानगी लागते की नाही, हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

मालक येऊ शकत नाही, कुलमुखत्यार सही करणार, असे असेल तर कुलमुखत्यारपत्र नोंदलेले आहे का, विक्रीचा अधिकार त्यात स्पष्ट आहे का, आणि पत्र देणारा हयात आहे का, हे पाहावे. तो वारला की असे पत्र सामान्यतः संपते. नुसते कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत करून "घर तुमचं झालं" म्हणणाऱ्यांचा मार्ग २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात बंद केला आहे. मालकी फक्त नोंदलेल्या खरेदीखतानेच येते.

भिंत, पागोळी आणि बोळ

कागद झाले की घर पाहावे. दिवसा एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाहता आले तर उत्तम. जुन्या वाड्यांत आणि चाळवजा घरांत भांडणे होतात ती खोल्यांवरून नव्हे, तर सामाईक भिंतीवरून, शेजाऱ्याच्या अंगणात पडणाऱ्या पागोळ्यांवरून आणि जाण्यायेण्याच्या बोळावरून. शेजारी वीस वर्षे उघडपणे आणि विनाहरकत हक्काने त्या बोळातून जात असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्याला तो हक्क मिळालेला असू शकतो, मग खतात काही का लिहिलेले असेना. म्हणून चतुःसीमा लिहिताना सामाईक भिंत कोठली, दार कोणत्या बाजूला, सांडपाणी कोठून जाते, हे शब्दांनी लिहून घ्यावे. जुन्या खतातली चतुःसीमा तशीच उतरवू नये. तिच्यातले शेजारी कधीच वारलेले असतात.

मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते आणि मालक बोलतो फुटांत. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पत्रिकेवर ९३ चौरस मीटर असेल तर जागा हजार फुटांची आहे; मालक बाराशे म्हणत असेल तर वरचे दोनशे फूट एक तर बोळातले असतात किंवा शेजाऱ्याचे. भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज मालकाच्या नावे करून 'क' प्रत घ्यावी. वरचा मजला चढवला असल्यास त्याची बांधकाम परवानगी मागावी. भाडेकरू असेल तर विक्रीने तो निघत नाही, घराबरोबर तोही आपल्याकडे येतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला असते. "पुढच्या महिन्यात जाणार आहे" यावर न जाता तो गेल्यावरच खरेदी करावी.

किमतीबद्दल थोडे. मालक सांगतो तो भाव आणि पारावर ऐकू येतो तो भाव, दोन्ही वाढवलेलेच असतात. त्याच गल्लीत गेल्या वर्ष-दीड वर्षात जी खते नोंदली गेली त्यांच्या सूची क्रमांक दोनमध्ये रक्कम, क्षेत्र आणि तारीख दिलेली असते. तीन-चार पाहिल्या की अंदाज येतो. सरकारी मूल्यदर तक्त्याचा, म्हणजे रेडीरेकनरचा, भावही काढून ठेवावा. कारण ठरलेली किंमत आणि हा भाव यांतला जो जास्त त्यावर मुद्रांक शुल्क बसते.

इसार, मुदत आणि ऊसतोड

आता पैशाकडे येऊ. इसार थोडा द्यावा, लेखी द्यावा आणि बँकेतून द्यावा. १ जून २०१५ पासून घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि इसारालाही हे लागू आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकाला समजावून सांगितले की तो स्वतःच चेक मागतो. "कागदावर कमी दाखवू, बाकी वरून द्या" या सूचनेला आपण भुलू नये. व्यवहार फिसकटला तर कागदावर असेल तेवढ्याच रकमेवर आपला दावा लागतो, गृहकर्जही कागदावरच्या किमतीवर बसते, आणि पुढे आपण विकायला निघालो की जास्तीचा नफा आपल्या नावे दिसतो. व्यवहार ५० लाख किंवा वरचा असेल तर शेकडा एक टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नव्हे. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर कपातीचे नियम निराळे व कडक आहेत.

साठेखत नोंदून घ्यावे. साठेखताने घर आपले होत नाही, पण मालक फिरला तर त्याच्या जोरावर कोर्टात खरेदी मागता येते. त्यासाठी ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांची मुदत आहे. साठेखतातच ताबा घेणार असाल तर पूर्ण मुद्रांक शुल्क त्याच वेळी भरावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

मुदत ठरवताना आपले सभासद एक चूक हमखास करतात. "ऊस गेला की देतो" असे सांगून महिना-दीड महिन्याची तारीख लिहून देतात. ऊस केव्हा तुटणार हे लागणीच्या नोंदीवर, तोडणी कार्यक्रमावर आणि टोळी मिळण्यावर अवलंबून असते. पाऊस लांबला, फडात गाडी जाईना, की तारीख पुढे गेली. शिवाय बिलातून सोसायटीची वसुली वजा होऊन हातात किती येणार, हा हिशेब आधी मांडलेला नसतो. इकडे साठेखतात 'मुदतीत रक्कम न दिल्यास इसार जप्त' असे कलम असते. तेव्हा तोडीच्या अंदाजापुढे निदान दोन-तीन महिने धरून मुदत घालावी, आणि मालकाकडून काही कागद येणे बाकी असेल तर 'ते कागद मिळाल्यापासून अमुक दिवस' अशी मुदत लिहावी, म्हणजे त्याच्या उशिराचा भुर्दंड आपल्यावर पडत नाही. गृहकर्ज घेणार असाल तर ते मंजूर न झाल्यास इसार परत, हेही लिहून घ्यावे. ही दोन वाक्ये छापील मसुद्यात नसतात, सांगून घालावी लागतात.

नोंदणी फी शेकडा एक, पण जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांक शुल्काचा दर हद्दीप्रमाणे वेगळा आहे. राहते घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून त्यात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ४० लाखांवर ४० हजार. नाव पत्नीचे, आईचे किंवा मुलीचे घालता येते. मात्र जोडीला पुरुषाचे नाव आले की सवलत जाते. दलालीचे वाचलेले आणि हे मिळून आकडा कोठे जातो ते ज्याने त्याने करून पाहावे.

खरेदीच्या दिवशी उरलेली रक्कम डी.डी.ने किंवा बँक हस्तांतरणाने द्यावी आणि तिचे क्रमांक खतात लिहावेत. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत खत नोंदणीला दाखल व्हावे लागते. त्यानंतर चार महिने दंडासह मिळतात, पण तेथवर जाण्याचे कारणच नाही. सही आणि नोंदणी एकाच दिवशी उरकावी. किल्ल्या, मूळ खते आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या भरलेल्या पावत्या त्याच दिवशी, त्याच टेबलावर घ्याव्यात. "उद्या घरी या, देतो" हे ऐकू नये.

खत झाल्यावर मिळकत पत्रिकेचा फेरफार भूमि अभिलेख कार्यालयात, सातबारा असेल तर तलाठ्याकडे (या पदाचे नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे), आणि घरपट्टीचे नाव ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, असे तीन निराळे अर्ज होतात. एक केला म्हणजे बाकीचे आपोआप होतील असे समजू नये. विजेचा मीटर मात्र खरेदीपूर्वीच पाहावा. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या मागे लागते, आणि बंद घराचे बिल कित्येक महिने कोणी उघडूनही पाहिलेले नसते.